गाळलेली बातमी

"त्र्याहत्तरावा प्रश्न परत वाचा, काका."

मीटरकाकांनी चष्मा वर सरकवला. परीक्षा काल झाली होती. लेखनिकाला सांगितलेलं प्रत्येक उत्तर ताईला तोंडपाठ होतं, आणि आज वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून दोघं ती एका क्लासनं छापलेल्या उत्तरतालिकेशी ताडून बघत होते.

"रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाची चौकशी करणाऱ्या समितीनं," काका एकेक शब्द उचलून ठेवावा तसं वाचू लागले, "बॉयलरची तपासणी किती महिन्यांनी करावी, अशी शिफारस केली? बारा, नऊ, सहा, तीन."

"चौऱ्याहत्तरावाही त्याच समितीवर आहे ना?"

"हो. अध्यक्ष कोण होते, असा."

"दोन्ही कोरे सोडले मी. अंदाजानं ठोकायचं धाडस झालं नाही." ताईच्या कपाळावर आठी उमटली. "कमाल आहे, काका. कोपऱ्यातली चार ओळींची बातमीसुद्धा आपण सोडत नाही. ही समिती कधी आली होती पेपरात?"

"नसेल आली," काका म्हणाले. "आली असती तर वाचली नसती का मी?"

ताईनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न वाचायला सांगितला. काकांनी तो वाचला, पण आपण काय वाचतोय हे त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नव्हतं.

काका पाणीखात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांच्या अंगणातली लोखंडी झाकणं उचलून, आत वाकून, त्यांनी आकडे टिपले होते. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना, म्हणून वाचनालयात येऊन बसायला लागले. ग्रंथपालबाईंनी एक दिवस त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथं एक पंचविशीची मुलगी बसली होती. नवव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली होती. सरकारी अधिकारी होण्याच्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत, रेकॉर्ड केलेली मिळत, पण चालू घडामोडींचं काय करायचं?

"फोन वाचून दाखवतो की हल्ली," काका म्हणाले होते.

"वाचतो ना. पण फोनमधल्या त्या बाईला 'कि.मी.' कळत नाही. मध्येच मला विचारते, पाचशे की मी? आता काय उत्तर द्यायचं?"

काका खूप दिवसांनी खळखळून हसले होते. "मी तीस वर्षं मीटर वाचले. पेपर वाचायला काय जातंय!"

त्या दिवसापासून ते मीटरकाका झाले आणि ती ताई झाली. सहा वर्षं, सुट्टीचे दिवस धरून, सकाळी नऊ ते साडेअकरा. आधी पेपर, मग मासिकं. कुठल्या देशानं कुणाशी करार केला, कोणत्या अहवालात आपला कितवा नंबर लागला, कुठला प्राणी नामशेष होतोय. काकांना भूगोल कधीच धड आला नव्हता. आता जगातल्या सामुद्रधुन्या त्यांना आपल्या जुन्या गल्ल्यांसारख्या पाठ झाल्या होत्या. ताई ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं टिपणं काढायची. तिचा तो टकटक आवाज थांबला की काकांनी पुढं जायचं, असं न बोलता ठरून गेलं होतं.

एक गोष्ट मात्र काकांनी तिला कधी सांगितली नाही. "मुलं किती तुम्हाला?" असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "एक मुलगा. बाहेरगावी असतो नोकरीला."

मुलगा ताईच्या ओळखीच्या आदल्या वर्षी गेला होता. रासायनिक कारखान्यात फिटर होता. सकाळच्या पाळीत बॉयलर फुटला आणि एकोणीस माणसं गेली. कारखान्यातल्या फोरमनला शब्द टाकून ती नोकरी काकांनीच लावून दिली होती. त्यानंतर घरी पेपर बंद झाला. काकू त्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. काकांनीही विषय काढला नाही.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा काकांनी काही ठरवलं नव्हतं. पाचव्या पानावर मथळा दिसला, 'स्फोटाची चौकशी रखडली'. काकांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. डोळा आपोआप खालच्या बातमीवर गेला. खाली साखरेच्या निर्यातीचं काहीतरी होतं. त्यांनी ते वाचलं. टोचणी चालू लागली. एवढंच.

मग ते होतच गेलं. ती बातमी वर्षातून दोन-चारदा डोकं वर काढायची, आणि काका तिला वळसा घालून पुढं जायचे. रखडलेल्या चौकशीचा हिला काय उपयोग, असं स्वतःला समजवायचे. गेल्या वर्षी अहवाल आला, नवे नियम आले, पंधरा दिवस रोज काही ना काही छापून येत होतं. मासिकानं तर दोन पानं दिली. काकांनी ती दोन पानं एकदम उलटली, आणि ताईला म्हणाले, "आता क्रीडा."

निकाल अडीच महिन्यांनी लागला. ग्रंथपालबाईंनी संगणकावर बघितला आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

"दीड गुणानं गेलं गं," त्या म्हणाल्या.

प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा होता. काकांना बेरीज करायला कागद लागला नाही. त्या दोन कोऱ्या प्रश्नांतला एक जरी आला असता तरी निभावलं असतं. आणि नियमाप्रमाणे ताईची ही शेवटची संधी होती.

ताई हसली. "चला, सुटले एकदाची. आता दादा-वहिनीला माझी अभ्यासाची खोली मोकळी मिळेल." मग ती पाटी पिशवीत भरायला लागली, आणि पाटी पिशवीत जाईना. तीनदा प्रयत्न केला. काकांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी काका वाचनालयात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी आवरून बसायचे, चपला घालायचे आणि काढायचे. काकू बघत होत्या, विचारत नव्हत्या.

पाचव्या दिवशी ताईची वहिनी दारात उभी.

"काका, बरं वाटत नाही का? ताई जेवत नाहीये धड. म्हणते, काकांना माझ्यामुळं वाईट वाटलं असणार. मी नापास झाले म्हणून तोंड दाखवत नाहीत. तुम्ही तरी या हो. तुमचंच ऐकते ती. तिकडं त्या मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा आहे, यांनी बोलून ठेवलंय. पण ती हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही."

काकांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. ती पोर स्वतःलाच दोष देत बसली होती.

ते तसेच निघाले.

मागच्या खोलीत ताई रिकाम्या टेबलाशी बसली होती. पावलांच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं. "आलात? मला वाटलं, रागावलात."

"ताई, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस." काका बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "ती समिती पेपरात आली होती. ढीगभर वेळा आली होती. मी वाचली नाही."

"म्हणजे राहून गेली?"

"नाही. गाळली. जाणूनबुजून गाळली. त्या स्फोटात माझा मुलगा गेलाय. बाहेरगावी-बिहेरगावी कुणी नाही. तो मथळा दिसला की माझी जीभ उचलायची नाही."

बाहेर ग्रंथपालबाई शिक्के मारत होत्या, तो आवाज येत राहिला.

"दीड गुण, काका," ताई शेवटी म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "सहा वर्षं. दादाच्या घरात, वहिनीच्या हाताकडं बघत. कुणी म्हणालं, मास्तरीण हो, नाही म्हटलं. कुणी स्थळ आणलं, नाही म्हटलं. फोन, रेडिओ सगळं सोडून दिलं होतं, तुम्ही जे वाचाल तेवढंच माझं जग होतं. त्याच्याबाहेर काय छापलंय ते मला दिसतं का? दिसतं का मला?"

"नाही."

"मग कुणाला विचारून गाळलंत?"

काका जायला वळले.

"थांबा." ताई रडत होती, आणि रडणं लपवायची तिला सवय नव्हती, चेहरा तसाच समोर धरला होता. "मला ऐकू यायचं. पान उलटायच्या आधी तुम्ही कधीकधी थांबायचात. श्वाससुद्धा थांबायचा. काहीतरी सुटतंय, हे कळायचं मला. विचारायला हवं होतं. पण भीती वाटायची. मी खोदून विचारलं आणि तुम्ही उद्यापासून आलाच नाहीत, तर? तुमच्या आधी तिघं वाचायला येऊन गेले होते. आठ-पंधरा दिवस टिकायचे."

काका मागं येऊन खुर्चीत बसले.

"त्याचं वय काय होतं?" तिनं विचारलं.

"सव्वीस."

"मग वाचा आता."

"आता काय उपयोग, पोरी?"

"परीक्षेसाठी नाही म्हणतेय मी. वाचा."

ग्रंथपालबाईंनी न विचारता जुन्या अंकांची बांधीव फाइल आणून दिली आणि दार ओढून घेतलं. काकांनी स्फोटाच्या दुसऱ्या दिवसाचा अंक काढला. कागद पिवळा पडला होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदात दोनदा आवाज फाटला. मग जमत गेलं. किती वाजता, कुठल्या विभागात, आग विझायला किती तास लागले. शेवटी मृतांची यादी होती. अकरावं नाव त्यांनी वाचलं. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

"वय चोवीस छापलंय," ते म्हणाले. "चुकलंय."

"पुढचं वाचा," ताई म्हणाली.

त्यांनी उरलेली आठ नावंही वाचली. मग अहवालाचे अंक काढले. बॉयलरची तपासणी सात महिने थकलेली होती, असं समितीनं म्हटलं होतं. वाल्व गळतो आहे, हे एका कामगारानं आदल्या आठवड्यात रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं आणि त्याकडं कुणी बघितलं नव्हतं. तो कामगार फिटर होता. अहवालात त्याचं नाव होतं, यादीतलं अकरावंच.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?" ताईनं विचारलं.

"नाही. मी कधी वाचलंच नाही."

साडेअकरा कधीच वाजून गेले होते. निघताना ताई 'माफ केलं' असं काही म्हणाली नाही. काकांनीही मागितलं नाही. "उद्या या," एवढंच ती म्हणाली. पुढच्या महिन्यात ती दवाखान्याच्या टेलिफोनवर रुजू झाली, आणि तोपर्यंतचे सगळे दिवस काका नऊ वाजता जात राहिले. त्यांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. हवामान वाचलं, हरवल्याच्या जाहिराती वाचल्या. परीक्षा उरली नव्हती, तरी ताई ऐकत बसायची. टिपणं मात्र काढत नव्हती.

पण त्या दिवशी, फाइल मिटून, काका घरी आले तेव्हा दुपार कलली होती. काकू स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. काका ओट्याशी येऊन उभे राहिले.

"कुठं होतात इतका वेळ?"

"आपल्या पोराची बातमी वाचत होतो."

काकूंचा हात नळाखाली तसाच राहिला. मग त्यांनी नळ बंद केला. पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. स्टूल ओढून काकांच्या समोर बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

काकांना कुठून सुरुवात करावी कळेना. मग त्यांनी तारखेपासून सुरुवात केली.