ओलं पोतं

गिरधरने तिसरी काडी ओढून शेगडीच्या तोंडाशी धरली. भप्पकन निळी फुलं उमलली, बोटभर उंच झाली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली बसत गेली. मिनिटभरात ती नखाएवढी उरली. वरच्या पातेल्यातलं चहाचं पाणी ढिम्म होतं.

"विझनं का रे, भाऊ?" खाली खळ्यात बसलेल्या सिंधुबाईने मान उंच केली. "आमन्या चुल्ह्यानी फुकनी दिऊ का?"

तीस-पस्तीस बायका एकदम हसल्या. इंदरमलशेठ हसले नाहीत. जुन्या बसची बाकं काढून, एक बाजू कापून, तिला दुकानासारखी खाली पडणारी फळी लावून त्यांनी हे फिरतं स्वयंपाकघर बनवलं होतं. आत गॅसच्या तीन शेगड्या, मागे झोपायला दोन बाजा. एक गिरधरची, एक ड्रायव्हर नथ्थूची. गावोगाव जायचं, बायकांना गॅसवर चहा-भाजी करून दाखवायची आणि नवीन जोडणीसाठी नावं लिहून घ्यायची. पण तीन गावांत मिळून पाचच नावं झाली होती.

"आज बारा पाहिजे, गिरधर," शेठ सकाळीच म्हणाले होते. "नाही झाली तर गाडी बंद. मग तू मोकळा, मी मोकळा."

आणि आजचं गाव ब्राह्मणपुरी होतं. गिरधरचं स्वतःचं.

"जसोदा," सिंधुबाई शेजारी बसलेल्या गिरधरच्या आईकडे वळली, "तुन्हा आंडोर चहा पाजाले इतला लांबथीन उना, आनि पानी बी तपत नही!"

"माले काय इचारस?" जसोदाबाईने पदर सावरला. "तो बी.एस्सी. शे."

गिरधरचे कान तापले. दिवाळीपासून आई त्याच्याशी धड बोलली नव्हती. केळीची बाग सोडलीस ती साहेब व्हायला सोडलीस की बायकांपुढे चहा उकळायला, एवढं विचारून तिने विषय संपवला होता. काल संध्याकाळी गाडी खळ्यात उभी राहिली तेव्हा ती आली, भाकरीचं फडकं पायरीवर ठेवलं, घरी ये म्हणाली नाही. जाताना मात्र मागच्या लाकडी पेटीतल्या गॅसच्या टाकीकडे बोट करून तिने विचारलं होतं, "हाई फुटस का रे?"

"तपनी त फुटी जाई," तो घाईत बोलून गेला होता. "गार ऱ्हायनी म्हंजे काय व्हस नही."

आता त्याने तिन्ही शेगड्यांच्या चाव्या बंद केल्या. घाबरायचं नाही, एकेक शक्यता खोडत जायचं. प्रयोगशाळेत हेच तर शिकलो. शेगडीचं बारीक भोक त्याने टाचणीने तपासलं. मोकळं होतं. रबरी नळीवरून बोट फिरवत गेला. कुठे दुमड नव्हती, चीर नव्हती. सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा उठला नाही. गळतीही नाही. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "नथ्थूभाऊ, टाकीनी चावी पुरी उघाडी शे ना?"

"पुरी शे, भाऊ! सकायलेच उघाडी."

"बंद करा ती. आनि टाकी हालाडी देखा. आत काही वाजस का?"

मागून टाकी हलल्याचा आवाज आला. "डुबुक डुबुक वाजस, भाऊ! निम्मीवर शे!"

गिरधरच्या छातीत आनंदाची एक लहर उठली. गॅस आहे, वाट मोकळी आहे, तरी येत नाही. म्हणजे अडचण वाटेत नव्हतीच. अडचण टाकीत होती. तो दोन पायऱ्या एकदम उतरून मागे धावला.

तोवर नथ्थू कुणाच्या तरी चुलीतले इंगळ पाटीत घेऊन पेटीकडे येत होता.

"खाले ठेवी दिऊ, भाऊ? थंडीमा ट्रकनी टाकीले आम्ही असंच करतस. लगेच चालू व्हस."

"नथ्थूभाऊ! तठेच थांबा!"

त्याचा आवाज इतका मोठा निघाला की खळ्यातल्या बायका ताडकन उभ्या राहिल्या. इंदरमलशेठ चार पावलं मागे सरले. नथ्थूने इंगळ लांब नेऊन मातीत ओतले, तेव्हा कुठे गिरधरने श्वास सोडला आणि पेटीत हात घातला.

हाताला गार, ओलं पोतं लागलं.

टाकीभोवती पोतं दोन वेढे घालून बांधलेलं होतं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. गिरधरने ते वर सरकवलं. खालच्या पोलादावर पांढरी बुरशी धरावी तसा हिमाचा पातळ थर होता. तो नखाने खरवडताना गिरधर चक्क हसला. टाकीतला द्रव गॅस होण्यासाठी उकळतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या अंगातूनच घेतो. त्यात पहाटेचा गारठा, त्यात ओलं पोतं, त्यात एकदम तीन शेगड्या. बिचारा उकळणार कसा?

मग त्याची नजर पोतं बांधलेल्या चिंधीवर गेली. हिरव्या लुगड्याचा काठ. दुहेरी पीळ देऊन, टोक आत खोचून मारलेली गाठ. घरच्या ओट्यावर पाण्याच्या माठाला आई दर उन्हाळ्यात ओलं फडकं बांधायची, तीच गाठ.

"कोणी घातलं हे?" शेठ जवळ आले होते. "नथ्थू?"

"मी नही, शेठ! आईनी शप्पथ! माले वाटनं, भाऊनी बांधं."

"मीच," गिरधर म्हणाला. त्याने गाठ सोडली, चिंधी मुठीत गुंडाळली. "उन्हाळ्यातली सवय."

"डिसेंबरात? अरे, तुला मी बी.एस्सी. म्हणून ठेवला!"

बायकांत हशा पिकला. जसोदाबाई तेवढी हसली नाही.

"कोमट पानी पाहिजे," गिरधर कोणाकडेही न बघता म्हणाला. "एक बादली. हात बुडाडता येई इतलंच गरम."

बायका एकमेकींकडे बघेपर्यंत जसोदाबाई उठून गेलीसुद्धा. घर खळ्याला लागूनच होतं. ती आली ती वाफाळती बादली घेऊनच. तिचे केस ओले होते, म्हणजे तिची आंघोळ कधीच उरकली होती. वडील पहाटेच बागेत गेलेले. गिरधर स्वतः सकाळी विहिरीवर कुडकुडत न्हाला होता. आणि तरी घरचा बंब तिने अजून पेटता ठेवलेला होता.

"हात घाली देखी ले," ती म्हणाली.

त्याने हात घातला. पाणी बरोबर होतं. तांब्या-तांब्याने तो टाकीवर ओतू लागला. हिम गळून गेलं, पोलाद काळंभोर दिसू लागलं.

"मटक्याले ओलं फडकं बांधतस ना आपन?" तो बायकांना सांगू लागला. "पानी उडी जास आनि मटका गार व्हस. तसंच हाई बी. आतलं उडी ऱ्हायनं, टाकी गार पडी ऱ्हायनी. वरथून ओलं पोतं. इतली गार व्हयनी का आतलं उडनंच बंद."

जसोदाबाई टाकीकडे टक लावून बघत होती. "म्हंजे त्याले हीव वाजनं."

"हां, माय. हीवच वाजनं."

गिरधरने चावी उघडली, आत धावला, काडी ओढली. निळं फूल उमललं आणि उमललेलंच राहिलं. त्याने दुसरी शेगडी पेटवली; तिसरी मुद्दाम तशीच ठेवली. नथ्थू बाहेरून "चालू! चालू!" ओरडत होता. पातेल्यात सू सू सुरू झालं, आणि बायका फळीला येऊन भिडल्या.

"ऐकं ना, सिंधू?" गर्दीतून जसोदाबाईचा आवाज आला, घरच्या माणसासारखा. "हीव वाजनं व्हतं त्याले. आते आंघोय करी, बरं वाटनं. शेठ, मन्हं नाव पहिलं लिखा."

चहा दोनदा टाकावा लागला. नावं तेरा झाली.

दुपारी निघताना टाकीची चावी बंद करायला नथ्थूने पेटी उघडली आणि हाक मारली. टाकीभोवती गोधडी होती. जाड, कोरडी, गळ्यापर्यंत ओढलेली, त्याच हिरव्या लुगड्याच्या दुसऱ्या काठाने तशीच बांधलेली.

गोधडी स्वतः ऊब देत नाही. माणसाच्या अंगची ऊब ती धरून ठेवते, टाकीच्या अंगी ऊब नसतेच. उलट बाहेरची उष्णता ती आत जाऊ देणार नव्हती. उद्या म्हसावदला शेगडी पेटवण्याआधी ती काढावीच लागणार होती.

"काढू का, भाऊ?"

गिरधरने खळ्यापलीकडे पाहिलं. ओट्यावर आई पाठमोरी उभी राहून माठ घासत होती.

"म्हसावद येऊ द्या," तो म्हणाला आणि झाकण हलकेच लावलं.