कोरडा टब

उर्वीने गॅसवर तापवलेली सुरी टबच्या कडेला लावली. निळं प्लास्टिक वितळत गेलं, जळका वास स्वयंपाकघरभर पसरला, आणि दारात आडव्या लावलेल्या पाटापलीकडून राघूने टाळ्या वाजवल्या. आई काहीही कापायला लागली की त्या दीड वर्षाच्या पोराला आनंदच व्हायचा.

"हे काय नवीन काढलंस?" महांतेशने शर्टाची बटणं लावत विचारलं. क्लासवर शिकवायला जायची त्याची वेळ झाली होती.

"तांबी म्हातारी झाली आहे. एवढी उंच कड ओलांडून ती आत जाणार नाही. पुढून चार बोटंच ठेवायची."

"रविवारपर्यंत काय करायचं ते कर. रविवारी मी तिला माझ्या मित्राच्या, संगमेश्वरच्या डाळमिलमध्ये सोडून येणार म्हणजे येणार. उंदीर रग्गड आहेत तिथं. मजेत राहील."

उर्वीने सुरी पुन्हा ज्योतीवर धरली.

सोमवारी बाल्कनीतल्या कुंडीत तांबीने घाण केली होती आणि तीच माती राघूच्या मुठीत सापडली होती. मूठ तोंडापर्यंत गेली होती की नाही, हे उर्वीला अजूनही सांगता आलं नसतं. तिने त्याचे हात तीनदा धुतले, जीभ बघितली, दिवसभर कपाळाला हात लावून ताप चाचपत राहिली. 'आधी त्या मांजराला बाहेर काढा' हे तिच्याच तोंडून निघालं होतं. महांतेशने ते फक्त उचलून धरलं.

मांजर सासूबाईंचं. गावाहून येताना केवळाबाईंनी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ही तांबूस मांजर आणली होती. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "सोडा की. लेकरापेक्षा मांजर मोठं हाय व्हय," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी उर्वीला त्यांची वायरची पिशवी खुंटीवर भरलेली दिसली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी.

"हे काय, आत्या?"

"गावाकडं बी कुणी पाहिजे की. घर तरी झाडून ठेवीन."

अहमदपूरजवळच्या त्या घराला सासरे गेल्यापासून कुलूप होतं. मार्गशीर्षातल्या त्या दुपारी केवळाबाई शेतात होत्या आणि घरात सासऱ्यांचा फोन नुसता वाजत राहिला होता. फोन लावणारी उर्वी होती. सतरा वेळा लावला होता तिने. तशा घरात आता सासूबाईंनी एकटं राहायचं, आणि आपण इथून फोन लावत बसायचं, हे तिला नको होतं. मांजर राहिली तर त्या राहणार होत्या. आणि मांजर राहायची तर तिने रविवारच्या आत टबात बसायला शिकायला हवं होतं.

टब तिने हॉलजवळच्या संडासात, कमोडशेजारी ठेवला. कुरिअरने मागवलेले पांढरे, सुगंधी दाणे त्यात ओतले. सकाळ-संध्याकाळ टबाच्या कडा फिनेलने पुसल्या. तांबी यायची, नाक पुढे करायची, पुढचा पाय पाण्यात पडल्यासारखा झटकायची आणि शेपूट वर करून निघून जायची.

बुधवारी उर्वीने धम्मप्रियाला फोन केला. कॉलेजातली मैत्रीण, आता जनावरांची डॉक्टर.

"फिनेल?" धम्मप्रिया हसत सुटली. "अगं, त्या वासाने माणसं दवाखान्यातून पळतात, तू मांजरीला त्यात बसवायलीस!"

"पण जंतू? राघू सगळीकडे हात घालतो गं."

"रोज घाण उचल, हातमोजे घाल, टब साध्या साबणाने धू. राघूचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव. झालं. पण सोय तिच्या सवयीची कर, तुझ्या नाही. जन्मभर शेतातली माती उकरलीय तिने. पायाखाली ओळखीचं काही नसलं की मांजर दाबून धरतं. पाणी पीत नाही. आपल्याला वाटतं, हट्टीपणा आहे. हट्ट नसतो तो. लाज म्हण हवं तर."

"मग?"

"मग दुखणं लागतं. चोवीस तासांत एकदाही बसली नाही, तर सरळ माझ्याकडे घेऊन ये."

उर्वीने टब बाल्कनीच्या कोपऱ्यात नेला आणि पुढे पाट आडवा लावला. फिनेल बंद केलं. दाणे मात्र तेच होते. एवढे मागवलेले, टाकवेनात.

गुरुवारी टब कोरडा. शुक्रवारीही कोरडा. गंमत म्हणजे घरात कुठेच घाण नव्हती. उर्वी मोबाईलचा उजेड पाडत दिवाणाखाली शिरली, कपाटामागे वाकली, कुंड्यांची माती चमच्याने उकरून पाहिली.

"घाण नाही ना? मग बरंय की," महांतेश म्हणाला. "तू पण ना, नसलेल्या गोष्टीचीही काळजी करायलीस."

"खाते, पिते, झोपते. म्हणजे कुठंतरी जाते ना ती? उद्यापर्यंत कळलं नाही, तर धम्मप्रियाकडे नेते."

केवळाबाई राघूला मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. "फुलं आणते गं," केवळाबाई रोजच्यासारखं म्हणाल्या. उर्वीने दुधाचं पातेलं ठेवता ठेवता मागे बघितलं. पदर पोटापाशी फुगलेला होता आणि त्याखालून एक तांबूस शेपूट लोंबत होतं.

ती बाल्कनीत गेली.

इमारतीच्या बाजूला रिकामा प्लॉट होता, काळ्या मातीचा. केवळाबाईंनी तांबीला तिथे सोडलं. तांबीने उकरलं, बसली, मग सावकाश, अगदी मन लावून माती लोटली. उर्वीला हसू फुटलं. चोर सापडले होते, दोन्ही. ती वरून हाक मारणार, तेवढ्यात तिने पाहिलं, केवळाबाई जिन्याकडे वळल्या नव्हत्या. नळाखालचा पत्र्याचा डबा भरून घेऊन त्या पार्किंगच्या टोकाला निघाल्या होत्या. तिथे वॉचमनसाठी बांधलेला जुना संडास होता. गुरुपादप्पा वॉचमनने त्यांना येताना पाहिलं आणि आपली खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवली. रोजचंच काम असल्यासारखी.



तिसरा मजला. बेचाळीस पायऱ्या. लिफ्ट बंद पडून महिना झाला होता.

ती आत आली आणि हॉलजवळच्या संडासाचं दार तिने उघडलं. तिचं आणि महांतेशचं सगळं बेडरूमकडच्या बाजूला. इथलं हे सासूबाईंसाठी. त्या आल्या त्या दिवशी महांतेशने कौतुकाने दाखवलं होतं, "आई, बघ, खुर्चीसारखं बसायचं. गुडघ्याला आराम." "बरं हाय की," त्या म्हणाल्या होत्या. त्याच दिवशी बेसिनवर ठेवलेला साबण अजून तिथेच होता. तीन महिन्यांत त्याच्यावरचं एक अक्षर झिजलं नव्हतं.

संध्याकाळचा चहा त्यांना नको असायचा. दुपारनंतर पाण्याचा पेला पुढे केला की ओठ ओले करून परत यायचा. राघूचं दुपटं किती वेळा ओलं झालं, याची वही ठेवणारी उर्वी त्या साबणाकडे बघत उभी राहिली. बाहेर दूध उतू गेलं.

केवळाबाई वर आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. पदराखाली पुन्हा तोच फुगवटा, हातात जास्वंद. "आज एकच घावलं."

"पाणी देऊ, आत्या?"

"नगं. तहान न्हाई."

उर्वीने राघूला त्यांच्याकडे दिलं, घमेलं उचललं आणि खाली गेली. प्लॉटवरची कोरडी काळी माती भरून आणली, बाल्कनीत बसून जुन्या चाळणीने खडे काढले, दाणे कचऱ्यात ओतले आणि टब मातीने भरला.

"चाळून कशाला घ्यायलीस?" केवळाबाई पाटापलीकडून म्हणाल्या. "ती काय भाकरी थापणार हाय?"

"खडा टोचायला नको पायाला."

केवळाबाई हसल्या नाहीत, पण तिथेच बसून राहिल्या. दुपारी तांबी चार बोटं कड ओलांडून आत गेली, एकदा गोल फिरली आणि उकरायला लागली. उर्वीने राघूचे दोन्ही हात मुठीत धरून ठेवले, टाळ्या वाजायला नकोत म्हणून. संध्याकाळी हातमोजे घालून तिने घाण उचलली, नवी माती टाकली. मग बाल्कनीच्या टोकाला जाऊन मलप्पा मिस्त्रीला फोन लावला. तो सोमवारी म्हणाला. तिने रविवारीच म्हटलं. तो काहीतरी कारण सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली, आणि शेवटी पुन्हा रविवारच म्हणाली.

रविवारी महांतेश मिलमधून झाकणाची टोपली घेऊन आला तेव्हा घरात छिन्नी-हातोडीचा आवाज होता.

"टोपली परत ने," उर्वी म्हणाली. "कालपासून चार वेळा टबात बसली ती."

"ते ऐकलं. हे काय फोडायलेत?"

"कमोड काढायलेत. खाली बसायचं भांडं बसवायचंय. शेजारी धरायला दांडी."

"अगं, नव्या फरशा! कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही." तिने आवाज खाली आणला. "बेसिनवरचा साबण बघून ये. आणि उद्या सहाला बाल्कनीत उभा राहा."

तो आत गेला.  बाहेर आला तेव्हा साबण त्याच्या हातात होता. तो मुठीत तसाच धरून त्याने टोपली दाराबाहेर ठेवली, आणि मग मलप्पाने काढलेले फरशीचे तुकडे एका हाताने पोत्यात भरायला बसला.

आवाजाने केवळाबाई राघूला कडेवर घेऊन आल्या. "कशाला फोडायलाव गं चांगलं?"

"गळत होतं, आत्या."

"कुठं गळत..." म्हणत मलप्पाने मान वर केली, उर्वीकडे पाहिलं आणि पुन्हा छिन्नीवर हातोडी घातली.

केवळाबाईंनी उखडलेल्या फरशीकडे पाहिलं. खालचा थर खडखडीत कोरडा होता. मग महांतेशच्या मुठीकडे पाहिलं. राघूला खाली ठेवून त्या हॉलमध्ये गेल्या, भिंतीला टेकून बसल्या. तांबी येऊन त्यांच्या पायापाशी लवंडली.

"उर्वी," थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "तांब्याभर पाणी आन गं."

तिने आणलं. केवळाबाईंनी तांब्या वर धरला आणि धार तोंडात सोडली, न थांबता, तळ दिसेपर्यंत. पदराने तोंड पुसलं.

"अजून देऊ, आत्या?"

"आन."