माझ्या पोटावरचं नाव

हळू हं! गळ्याशी धरा आणि दुसरा हात खालून लावा. मी बोलतेय, या फडताळातली काचेची सुरई. माझी जातच घाबरट. शेजारी नुसता पेला ठेवला तरी माझं अंग झिणझिणतं.

जन्म कुठला ते नीट सांगता येत नाही. आठवते ती एक लांब, गरम फुंकर आणि मग अंगाभोवतीचा पेंढा. लाँचीतून रेवसला उतरले, तिथून अलिबागला रतनशेठच्या दुकानात आले. तेव्हा मी अगदी कोरी होते.

एके दिवशी चौलच्या वाडीतल्या अनुसूयाबाई आपल्या भाचीला, कुमुदला घेऊन आल्या. कुमुद कॉलेजात शिकलेली, पण बोलायची वेळ आली की पदराचं टोक पिळत बसणारी. तिचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायला रंगीत सुरई हवी होती.

रतनशेठनं समोर नमुन्याचे तीन पेले मांडले. पहिल्यावर ब्रशनं तेलरंग काढला होता. काम झटपट, आगीची गरज नाही. पण राख आणि काथ्या लागला की महिन्याभरात फूल गायब. दुसऱ्यावर कागदावरची तयार फुलं पाण्यात भिजवून चिकटवली होती, मग भाजली होती. फुलं सुरेख, पण सगळी विलायती, आणि नाव घालायची सोय नाही. तिसऱ्यावर चौकटीत ताणलेल्या रेशमी कापडातून काचेच्या भुकटीचा रंग दाबला होता. त्या कापडावर हवं ते अक्षर कापून घेता यायचं. पण तोही भट्टीत घालावा लागे.

"जो बेन," रतनशेठ म्हणाला, "एकदा भट्टीत गेला का पछी देव बी पुसू शकणार नाय. अन् भट्टीत तडकली तर माझा नाव घ्यायचा नाय!"

"ब्रशचंच करा हो," अनुसूयाआत्या म्हणाल्या. "वेल काढा, फूल काढा, नि नावाची जागा मोकळी ठेवा. नाव लग्नात ठरायचंय."

तेव्हा लग्नात नवरामुलगा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा. तेच तिचं पुढचं नाव.

"चंद्रिका ठेवणार आहेत म्हणे," आत्या म्हणाल्या. "नवऱ्यामुलाचं नाव शरच्चंद्र, त्याला शोभेलसं."

कुमुदचा हात माझ्यावर होता. त्याला घाम फुटला. "पण आत्या, कुमुद काय वाईट आहे? चंद्र उगवला की उमलतं ते कुमुद. याहून शोभायचं ते काय?"

"मग हे सासूबाईंना सांग की! मला काय सांगत्येस?"

तिनं मला उचलून पोटाशी धरलं. तेवढ्यात बाहेर टांग्याचा घोडा खिंकाळला, ती दचकली आणि मी तिच्या हातून निसटता निसटता वाचले.

"बोला बेन, कुठला करू?"

"भट्टीचं," ती घाईघाईनं म्हणाली. "पांढरं फूल काढा. खाली लाल अक्षरांत कुमुद."

"अगो, वेड लागलं का तुला? पुसता यायचं नाही ते!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

भट्टीतली ती धग! माझ्या शेजारचा पेला कडकन तडकला. आता माझी पाळी, असं म्हणत मी श्वास कोंडून बसले. हळूहळू निवले तेव्हा ते नाव माझ्या अंगाचंच झालं होतं.

लग्नात कुमुदनं मला रुखवताच्या पुढे मांडलं, नाव नेमकं नवऱ्यामुलाच्या बाजूला. शरच्चंद्रांची नजर माझ्यावर आली. अंगठी तांदळांवर थांबली. कुमुदचे ओठ हलले. बोल, बाई, बोल! पण सनईवाल्यानं एकदम सूर लावला, ती दचकली आणि अंगठी फिरली. चंद्रिका.

सासरी पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला उजेडात धरलं. "माहेरचं नाव कशाला मिरवायचं? ठमे, राखेनं घास गो. चार दिवसांत जाईल."

त्यांना वाटलं, ब्रशचा रंग. कुमुदनं काही सांगितलं नाही. मोलकरीण ठमी मला घासायला बसली की कुमुद दारात उभी राहायची, श्वास रोखून. काथ्या अक्षरांवर खरखरायचा आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो.

"वैनी, ह्यो रंग हाय का काय हाय?" ठमी एकदा वैतागली. "माजी नखं गेली, पन ह्यो न्हाय जात!"

दिवस जात राहिले. "चंद्रिका" अशी हाक आली की कुमुद क्षणभर उशिरा वळायची. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मग तिची लेक राही अक्षरं ओळखू लागली. एका दुपारी सासूबाई वाल सोलत होत्या, शरच्चंद्र पेपर वाचत होते आणि कुमुद माझ्यातून कोकमाचं सरबत ओतत होती. राहीनं माझ्या पोटावर बोट टेकवलं.

"कु… मु… द. आई, कुमुद कोण गं?"

सासूबाईंचा हात थांबला. कुमुदनं मला झटकन सरळ केलं. सरबत माझ्यात हिंदकळलं. आता ही मला टाकते!

"मी," कुमुद म्हणाली.

"कुमुद म्हणजे काय?"

"चंद्र उगवला की उमलतं ते फूल."

पेपर खाली आला.  सासूबाईंच्या हातून वालाचा एक दाणा जमिनीवर टपकला.

"अगो," सासूबाई म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगायचं नाही का? तांदूळच ते! हात फिरवला असता नि दुसरं लिहिलं असतं."

"धीर झाला नाही, सासूबाई."

शरच्चंद्रांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुमुद," ते हळूच म्हणाले, जिभेवर चव घेऊन पाहावी तसं. "सरबत देतेस ना?"

ती वळली. लगेच वळली.

आता माझ्या ओठाचा टवका उडालाय, म्हणून मी फडताळात असते. राखेनं माझी चकाकी गेलीय, फूल नि अक्षरं मात्र आहेत. तुम्ही मला खाली काढाल तेव्हा हवं तर घासा, मी कुरकुरणार नाही. पण पुसून ठेवायच्या आधी माझ्या पोटावरचं नाव एकदा वाचा. मोठ्यानं वाचा. ती आत स्वयंपाकघरात असेल. ओ देईल.