जावईबापूंचं स्टेशन

"भिंतीला चुना लावलाय की पीठ भुरभुरवलंय? टेकलं की पदर पांढरा," आई माझ्या कानाशी पुटपुटली. ती अशी पुटपुटते तेव्हा राग भलत्याच गोष्टीचा असतो.

स्टेशन बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर गावाला त्याचं प्रेम आलं होतं. मधल्या काळात प्लॅटफॉर्मवरचं बाक थोरल्या मामाच्या अंगणात कसं गेलं, ते बाकालाच ठाऊक. आता मामा स्टेशनच्या इतिहास समितीचा अध्यक्ष होता, आणि वेटिंग रूमच्या भिंतीवर पेंटर त्याने सांगितलेला इतिहास रंगवत होता. स्टेशन का बंद पडलं, यावर समितीत पुष्कळ कारणं निघाली होती. डांबरी रस्ता, वरचे साहेब, बदललेला काळ. शेवटी सर्वांना सोयीचं एक सापडलं: 'शेवटच्या स्टेशनमास्तरांच्या ढिलाईमुळे स्टेशन बंद पडले.'

शेवटचे स्टेशनमास्तर, म्हणजे माझे बाबा, कडक इस्त्रीचा कोट घालून त्याच भिंतीसमोर बसले होते. नव्याने सजवलेल्या स्टेशनची फीत त्यांनीच कापायची होती. मान मोठा! त्यांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"अक्षर छान आहे," म्हणाले.

बाबा बदली होऊन इथे आले आणि गावाने त्यांना जावई करून घेतलं. बिचाऱ्यांना वाटलं, आपला स्वभाव आवडला. लग्नानंतर प्लॅटफॉर्मवर प्रवासी म्हणून कुणी उरलंच नाही. नुसते चुलतसासरे, मेहुणे, मावससासवा. "काय जावईबापू, बरं ना?" असं विचारत सगळे बुकिंगच्या खिडकीसमोरून सरळ डब्यात. सासूला कोण अडवणार? गाडी इथून भरून जायची, आणि रेल्वेच्या हिशेबी इथे माणूसच राहत नव्हता. नसलेल्या माणसांसाठी गाडी कोण थांबवेल?

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका," मामा म्हणाला. "इतिहास आहे. खरं तेच लिहावं लागतं."

सगळ्यांच्या माना डोलल्या. बाबांचीही डोलली, सवय.

आई उठली. पदराचा चुना झटकला, पेंटरच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि मामापुढे धरला.

"खरंच लिहायचं ना, दादा? मग लिही. माझ्यासकट आपण कुणी कधी तिकीटच काढलं नाही."