जनांतिकाला समोर कुणीतरी लागतं

स्वगत : पात्र स्वतःशीच बोलतं. इतरांना ते ऐकू येत नाही, असं समजायचं.

जनांतिक : पात्र रंगमंचावरच्या एकालाच काही सांगतं. तीन बोटं उभी धरून हाताचा आडोसा करायचा. बाकीच्यांना ते ऐकू येत नाही, असं समजायचं.

फरक एका माणसाचा.

(बडोद्यातलं गोत्री. सोसायटीचा हॉल. गणपतीतल्या नाटकाची तालीम.)

तो माणूस, धनाजीराव, मुलाकडे पुण्याला गेला होता. कायमचा. त्याची दोनच वाक्यं होती, ती दिग्दर्शक हेरंबने कापली. मग म्हणाला, "लीलाकाकू, तुमचं जनांतिक स्वगत करून टाकू. शब्द तेच राहतील."

"नको."

"अहो, सोपं पडेल."

"स्वगत मी घरी रोज करते. माधव गेल्यापासून तेच चाललंय. तेवढ्यासाठी रिक्षा करून इथे कशाला येऊ?"

(घर. दुपार. एक पात्र. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. कुकरची शिट्टी. पात्र कुकरला म्हणतं, 'आले, आले.')

"पण माणूस कुठून आणू, काकू?"

"कुणालाही उभं कर. बोलायला नको. ऐकायला."

आनंदी उभी राहिली. नाटकातली दासी, ताट घेऊन येते, ठेवून जाते. शिकली गुजराती शाळेत, आईच्या मराठीला गुजरातीतच उत्तर देते.

"मारे शुं करवानुं?"

"काही नाही गं. इथे उभी राहा, माझ्याकडे बघ."

लीलाकाकूंनी तीन बोटं उभी केली. "सांगू नकोस हं कुणाला. गाडी दारात आली, पण मालक काही उतरले नाहीत..."

इथे संहितेत नुसती टिंबं होती.

"पछी?" आनंदीने विचारलं.

"आनंदीबेन!" हेरंब ओरडला. "मग काय, मग? तुला वाक्य नाहीये तिथे!"

लीलाकाकूंचा हात तसाच होता.

"मग काय," त्या आनंदीला म्हणाल्या, "वरण दोघांचं झालं होतं. हाताला सवय ना. रात्री तेच गरम केलं. टीव्ही लावला. बघायला नाही, घरात कुणी बोलत असावं म्हणून."

हेरंब पानं उलटत होता. "काकू, हे कुठल्या प्रवेशातलं? मला सापडत नाहीये."

आनंदी आणखी जवळ सरकली.

"थांब रे जरा," लीलाकाकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "ही ऐकतेय."