विल्बर्टच्या डाव्या कानातला बोळा

मी विल्बर्ट गिल्पिनच्या डाव्या कानातला बोळा बोलतोय. कापसाचा नव्हे, सिलिकॉनचा. त्याच्याच कानाचं माप घेऊन घडवलेला. उजव्या कानातला माझा भाऊ. आम्ही दोघं एका निळ्या डबीत राहतो. 'कानात बोळे घातलेत का?' असं बायका नवऱ्यांना चिडून विचारतात, त्यामुळे आमच्या कुळाला मान असा कधी मिळाला नाही. मला त्याचं फारसं वाटत नाही.

माझ्या पोटात एक बारीक चाळणी आहे. आवाज मी अडवत नाही, कमी करून आत सोडतो. जाड असो, बारीक असो, सगळ्यांना सारखीच कात्री. बोलणं कळतं, वाद्य कळतं, फक्त मार कमी बसतो. एवढंच माझं काम. ते करायला मिळेपर्यंत सव्वा वर्ष गेलं.

विल्बर्टची सातासमुद्रापार, आर्मा परगण्यात सफरचंदांची बाग आहे. वय एकोणसाठ. पण बागेवरून त्याला तिकडे कुणी ओळखत नाही. तो लॅम्बेगवाला. लॅम्बेग म्हणजे ढोलच, पण बैलगाडीच्या चाकाएवढा. गळ्यात अडकवला की वाजवणाऱ्याचं फक्त डोकं आणि पाय दिसतात. दोन्ही बाजूंना शेळीच्या कातड्याचं पातळ पान, आणि त्यावर वेताच्या छड्या बसतात त्या तास तास. बोटांची सालटी निघतात, रक्त पानावर उडतं, ते कुणी पुसत नाही. दुसऱ्या दिवशी कान गुणगुणत राहिले तर सामना झकास झाला असं तिथली माणसं समजतात. नाही गुणगुणले तर जरा हिरमुसतात.

माझा जन्म एका कुंपणामुळे झाला. बागेला लागून शेजाऱ्याच्या गाईंचं रान आहे आणि त्याच्या तारेत वीज सोडलेली असते. वीज चालू असली की कुंपण टिकटिक करतं. विल्बर्टला टिकटिक ऐकू आली नाही, म्हणून त्याने खुशाल तारेवर हात टेकला. मर्टल, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"अरे, आंधळा आहेस का बहिरा? टिकटिक चाललीये की ढळढळीत!"

"कसली टिकटिक?" विल्बर्ट हात झटकत म्हणाला.

त्यांची मुलगी हेझल गावातल्या शाळेत शिकवते. तिने बापाला गाडीत घातलं आणि कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी एक आलेख दाखवला. रेघ बरीच सरळ चालली होती आणि उजवीकडे एकदम घसरली होती. "वरचे सूर गेलेत," बाई म्हणाल्या. "ते परत यायचे नाहीत. उरलेले राखायचे असतील तर वाजवताना कानात बोळे घालायचे." विल्बर्ट म्हणाला, "बरं." आणि परतीच्या वाटेवर हेझलला म्हणाला, "आईला सांग, मळ होता."

पहिल्यांदा मी त्याच्या कानात गेलो तो चर्चमध्ये, प्रवचन सुरू होताना. दुसऱ्यांदा मर्टलची बहीण चहाला आली तेव्हा. मग फांद्या छाटायच्या करवतीपाशी, मग पुन्हा चर्चमध्ये. ढोल गळ्यात आला की मात्र आमची रवानगी डबीत, आणि डबीची कोटाच्या खिशात.

"बोळा घातला की नाद मरतो," तो इव्हानला सांगायचा. इव्हान ट्राऊटन हा त्याचा शेजारी आणि चाळीस वर्षांचा मित्र. फार न बोलणारा. "हं," म्हणायचा.

नाद मरत नाही. मी त्याचा जोर कमी करतो, चेहरा बदलत नाही. पण मला विचारतो कोण?

या नादावर तिकडे सगळं ठरतं. लॅम्बेगच्या सामन्यात हात किती भराभर चालतो हे पाहतातच, पण खरे गुण मिळतात पानाच्या नादाला. पान नीट ताणलेलं असलं की धडधडाटाच्या वर एक बारीक सूर उभा राहतो, ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासावी तसा. पंच हातात कागद घेऊन ढोलांभोवती फिरतात ते त्या सुरासाठी. तो आणण्यासाठी सामन्याआधी ढोल चढवावा लागतो. दोघं जण दोर ओढतात, तिसरा छडीने पानाच्या कडेला टिचकी मारतो, ऐकतो आणि म्हणतो 'अजून', नाहीतर 'बस'. कमी ताणलं तर ढोल नुसता बोंबलतो. जास्त ताणलं तर पान फुटतं.

आसपासच्या आठ-दहा गावांत हा तिसरा माणूस म्हणजे विल्बर्ट. लोक आपापले ढोल गाडीत घालून त्याच्या आवारात आणायचे. तिथे एक नियम होता. ढोल चढत असताना विल्बर्टखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही. कुत्र्यालासुद्धा घरात कोंडायचे.

मागच्या एप्रिलमध्ये इव्हानचा ढोल चढत होता. दोर ओढायला हेझल आणि इव्हान. विल्बर्टचा कोट खिळ्याला, आणि खिशात आम्ही. नाद आला तो मी ऐकला. स्वच्छ, सरळ.

"अजून," विल्बर्ट म्हणाला.

हेझलने इव्हानकडे पाहिलं. इव्हानने दोराकडे पाहिलं. दोघांनी ओढलं. आणखी दोनदा 'अजून' झालं आणि पान उभं फाटलं.

"म्हातारी शेळी," विल्बर्ट कातडं बोटांत चोळत म्हणाला. "मी आधीच सांगणार होतो."

मे महिन्यात शेजारच्या गावच्या मंडळाचं पान फुटलं. त्या वेळी हवा दमट होती. माणसाला कारणं हवी तेव्हा सापडतात.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी परगण्याचा सामना, वर्षातला सगळ्यांत मोठा. विल्बर्टच्या ढोलाचं नाव सेरा, लाकडावर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं. सेराची पानं त्याच्या वडिलांनी करवून घेतलेली. ती तासणारा कारागीर केव्हाच मातीआड गेला, आणि तितकं पातळ कातडं तासणारा हात आता त्या भागात उरलेला नाही. फुटलं की संपलं. त्या पानांवर विल्बर्ट एकवीस वर्षं परगण्यात पहिल्या तिघांत होता.

सकाळी नऊला दोर ओढायला सुरुवात झाली. साडेदहाला नाद आला. आधी जरा गढूळ, मग दोर बोटभर ओढल्यावर निवळला. आवारात पसरला. मर्टल भांडी धुताना थांबली, तेही मला कळलं, कारण नळ बंद झाला.

विल्बर्टने टिचकी मारली. मान तिरकी केली. पुन्हा टिचकी.

"अजून."

इव्हानने दोर आवळायला घेतला. हेझलने हातातला सोडून दिला.

"बाबा, पुरे."

विल्बर्टने वर पाहिलं. त्या आवारात कुठे थांबायचं हे सांगायचा हक्क त्याचा होता.

"काय म्हणालीस?"

"वाजतेय ती. केव्हाची वाजतेय. मघाशी वाजली, आत्ताही वाजतेय. तुला ऐकू येत नाहीये."

"दोर धर, हेझल."

"नाही धरणार. आजोबांची पानं आहेत ती. माझ्या हाताने फुटलेली मला चालणार नाहीत."

"काल शिकलीस आणि आज मला शिकवतेस?"

"मग इव्हानकाकांना विचार."

विल्बर्ट इव्हानकडे वळला. "इव्हान, सांग हिला."

इव्हान आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाजतेय रे."

"आणि एप्रिलमध्ये? तुझा?"

"तोही वाजला होता."

"मग बोलला का नाहीस? तुझं पान होतं! तुझ्या डोळ्यांदेखत फुटलं!"

"मला वाटलं," इव्हान म्हणाला, "की तुला आमच्यापेक्षा पुढचं काहीतरी ऐकू येत असेल. नेहमीच यायचं ना. म्हणून ओढत राहिलो."

विल्बर्ट सफरचंदांच्या पालथ्या खोक्यावर बसला. मला माणसांच्या बाबतीत उगाच हळवं व्हायची सवय नाही, पण त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं. एखाद्याचे कान गेले तर ते त्याचं दुखणं. याचे कान आठ-दहा गावांचे होते, आणि ते गेल्याचं त्याला सगळ्यांच्या शेवटी कळत होतं.

मग त्याने छडी हेझलच्या हातात दिली.

"तू सांग. कुठे थांबायचं ते."

ती टिचकी मारायला लागली आणि तिचे वडील दोर धरून उभे राहिले. तिने एकदा थोडं सैल करायला लावलं, त्यांनी केलं. ती 'बस' म्हणाली, ते थांबले. घरात कोंडलेला कुत्रा भुंकत होता. त्याला कुणी गप्प केलं नाही.

सामन्याला निघताना विल्बर्टने डबी उघडली. मला आधी उलटा घातला, मग काढून सरळ घातला. ढोल वाजवताना मी त्याच्या कानात असण्याची ही पहिली वेळ.

मैदानात चाळीसेक ढोल होते. मी आपलं काम केलं. धडधडाट आला, कापला, आत सोडला. सेराचा नाद आला, तोही जसाच्या तसा, फक्त हलका करून, पुढे धाडला. पण कानात पुढे तो घ्यायला कुणी उरलं नव्हतं. गेलेलं परत आणणं मला जमत नाही. बोलण्याचे सूर, मर्टलची हाक, बागेतल्या माणसाने मारलेली आरोळी, एवढं अजून शाबूत आहे, आणि ते राखणं ही माझी मर्यादा.

हेझल त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. नाद जरा उतरला की ती तळहात खाली करायची, विल्बर्ट छडी थोडी कडेला न्यायचा, आणि ती मान हलवायची. तीन तास त्याने तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही. पंच येऊन गेले तेव्हाही नाही. निकालात सेरा दुसरी आली. लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारून गेले. कुणाला काही कळलं नव्हतं.

नंतर चहाच्या तंबूत तो आणि हेझल एका बाकावर बसले. पलीकडे इव्हान हॅमचं सँडविच खात होता. विल्बर्टने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. जे त्याला सकाळपासून विचारायचं होतं, ते त्याने अगदी हळू विचारलं.

"कशी वाजली गं?"

"हं?"

"म्हटलं, नाद कसा होता? पहिल्यासारखा?"

"बाबा, जोरात बोल ना!" हेझल हसत म्हणाली. तिने तळहाताने कान दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "काही ऐकू येत नाहीये. दोन्ही कान नुसते गुणगुणतायत. झकास झाला सामना!"

विल्बर्टने कप खाली ठेवला.

त्याने मला कानातून उपसलं, पँटला पुसलं आणि तिच्या डाव्या कानात घालायला लागला. ती मागे सरली. "अरे काय करतोयस? लोक बघतायत!" त्याने तिचं डोकं एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने मला आत दाबलं. मी गेलो नाही. माझं प्रत्येक वळण त्याच्या कानाचं आहे, आणि तिचा कान आईवर गेलाय. त्याने मला फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, भावालाही घालून पाहिलं. अंगठ्याने इतकं दाबलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुटून गवतात पडलो.

"आधी का नाही घातलेस काही?" तो ओरडला. तंबूतले सगळे वळून बघायला लागले. "तीन तास! दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस! का नाही घातलंस?"

हेझलला हे ऐकू गेलं.

"तूच तर सांगायचास," ती म्हणाली. "बोळा घातला की नाद मरतो."

विल्बर्ट गुडघ्यांवर बसून गवतात मला शोधत राहिला. सापडलो तरी तो उठला नाही.

सोमवारी सकाळी त्याने बाईंकडे हेझलच्या कानांचं माप दिलं. इव्हानचंही. इव्हान पाठीमागून येऊन 'माझंपण' एवढंच म्हणाला होता. हेझलचे कान चौथ्या दिवशी निवळले. पूर्ण निवळले का, ते बाईंच्या आलेखावरून कळेल; हेझलने तो अजून काढून घेतलेला नाही. मी आता जरा मळलोय, एका कडेला गवताचा हिरवा डाग बसलाय, पण रोज कामावर असतो.

तुमच्यात कुणी ढोल, ताशा, ड्रम, काही बडवत असेल, किंवा बडवणाऱ्याच्या शेजारी उभं राहत असेल, तर एवढंच सांगतो. मी तुमच्या काही कामाचा नाही. मी एकाच कानाचा आहे, आणि त्याच्यापाशीही उशिरा पोचलो. तुमचा बोळा तुम्हालाच करून घ्यावा लागेल. आणि तुमच्या घरात जो कुणी 'नाद मरतो' म्हणत असेल, त्याला आजच सांगा की नाद मरत नाही. कारण तो म्हणतो ते कुणीतरी ऐकत असतं.