अपेक्षित उत्तराचा रकाना

आमच्या अध्यापक विद्यालयात सराव पाठाचं टाचण लिहायची एक ठरलेली तऱ्हा होती. डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे मुलांचं अपेक्षित उत्तर. मुलांचा पत्ता नाही आणि त्यांची उत्तरं आदल्या दिवशीच तयार! मला याची भयंकर चीड यायची. म्हणून गणिताच्या शेवटच्या पाठाला मी उजवा रकाना कोराच ठेवला.

आधीच्या पाठात मी नापास झाले होते. हाही बुडाला की वर्ष गेलं. थोरली बहीण म्हणाली, "अगं, खरड ना काहीतरी! कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

मी मुलांना कागदी आयत वाटले. "एकाच रेघेने दोन सारखे भाग करा. जमतील तितक्या तऱ्हांनी." निरीक्षक बाई लाल पेन घेऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या.

उभी रेघ आली, आडवी आली, तिरपी आली. मग दोन वेण्यांच्या एका मुलीने चक्क नागमोडी रेघ काढली. वर्ग खो खो हसला. 'चूक' हा शब्द माझ्याही ओठांवर आला होता. गणितात पदवी घेतलेली मी! तो शब्द गिळला आणि म्हणाले, "सारखे आहेत का, मला माहीत नाही. तूच दाखव."

"मधोमध टिंब दिलं. तिथपर्यंत वाकडी रेघ काढली. मग कागद फिरवून वरची कड खाली आणली आणि टिंबापर्यंत पुन्हा तश्शीच काढली."

तिने रेघेवरून कापलं, एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर ठेवला. कडेला कड बसली. हसणारे पुढे वाकून बघू लागले. मला तर तिला उचलूनच घ्यावंसं वाटलं.

तास संपल्यावर बाईंनी बेरीज केली. फळा अर्धवट, गृहपाठ द्यायचा राहिलेला, कोऱ्या रकान्याला पाचपैकी शून्य. एकूण चोवीस, पास व्हायला पंचवीस. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी टाचण माझ्यापुढे सरकवलं, वर पेनही ठेवलं. "त्या पोरीचं उत्तर लिही इथे. मी गुण देते. कोणाला कळणार आहे?"

माझा हात पुढे गेला, खोटं कशाला सांगू! मग मागे घेतला.

"बाई, ते मला अपेक्षित नव्हतं."

"वर्ष जाईल गं तुझं."

"जाऊ दे."

बाईंनी चोविसाखाली सही केली. "आणि पुढच्या वर्षी? पुन्हा हाच पाठ?"

"हाच. फक्त तुम्ही मागे बसू नका, बाई. तिथून पोरीचा कागद दिसत नाही."